कापडाने नाकारलेला रंग

सुती कापड रंगविण्यासाठी जेवढा रंग पाण्यात विरघळविला जातो, तेवढा सगळा कापडावर बसत नाही. त्याचा काही भाग पाण्यातच राहतो आणि पाण्याबरोबर कारखान्याबाहेर पडतो. कापड विकत घेणाऱ्याला हा उरलेला रंग कधीच दिसत नाही. तो दिसतो नाल्याच्या काठी राहणाऱ्याला, आणि तो नाला ज्या नदीला मिळतो त्या नदीवरील पुढच्या गावाला.

हा उरलेला रंग पाण्यातून वेगळा कसा काढावा, हा प्रश्न रंगाच्या कारखान्यांइतकाच जुना आहे. त्यावर सुचविल्या गेलेल्या अनेक उपायांपैकी एक विशेष लक्ष वेधून घेतो. कारण त्यात वापरावयाचा पदार्थ महाग नाही आणि परका तर मुळीच नाही. उसाची चिपाडे, नारळाचा काथ्या, केळीच्या सोपटाचा धागा, अंबाडी, ताग यांसारख्या वनस्पतिज तंतूंवर थोडे रासायनिक संस्कार करून त्यांच्याकडून पाण्यातील रंग पकडून घ्यावयाचा, असा हा उपाय आहे. त्यामागील तत्त्व काय, तो कोठे उपयोगी पडतो आणि कोठे अपुरा ठरतो, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

इचलकरंजी आणि पंचगंगा

महाराष्ट्रात हा प्रश्न समजून घेण्यास इचलकरंजीइतके योग्य गाव दुसरे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील हे गाव पूर्वी घोरपडे घराण्याच्या जहागिरीचे ठिकाण होते. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या प्रोत्साहनाने विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली येथे पहिला यंत्रमाग बसविला. पुढे माग वाढत गेले, मागांबरोबर सायझिंगचे कारखाने आले आणि त्यांच्या मागोमाग कापड धुणे, विरंजन करणे, रंगविणे व छापणे ही कामे करणारे कारखाने उभे राहिले. या कारखान्यांना गावात ‘प्रोसेस’ असे सुटसुटीत नाव आहे. मागाला पाणी जवळजवळ लागत नाही. प्रोसेसला मात्र पाण्यावाचून एक पाऊलही टाकता येत नाही.

हे पाणी ज्या खोऱ्यातील, ते खोरे पंचगंगेचे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या व परंपरेने मानलेली गुप्त सरस्वती यांचा संगम कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे होतो आणि तेथून पुढे नदीला पंचगंगा हे नाव मिळते. नृसिंहवाडी येथे ती कृष्णेला मिळते. एवढ्या लहान प्रवासात तिला कोल्हापूर शहराचे सांडपाणी, साखर कारखान्यांचे पाणी आणि इचलकरंजीच्या वस्त्रोद्योगाचे पाणी या तिन्हींचा भार वाहावा लागतो. शिवाय नदीवर जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपल्यावर त्यांच्या गाळ्यांत बरगे घालून पाणी अडविले जाते. शेतीला याचा मोठा लाभ होतो. परंतु अडविलेले पाणी वाहत नाही, आणि जे पाणी वाहत नाही ते स्वतःला शुद्धही करू शकत नाही. उन्हाळ्यात इचलकरंजीच्या खालच्या अंगास शिरढोण, तेरवाड या परिसरात पाण्यावर जलपर्णीचा गालिचा पसरतो आणि तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या वारंवार येतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. नदीचा सगळा दोष रंगाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. मासे मरतात ते मुख्यतः पाण्यातील प्राणवायू संपल्यामुळे, आणि तो संपविण्यात मैल्याचा व इतर सेंद्रिय सांडपाण्याचा वाटा फार मोठा असतो. इचलकरंजीत २०१२ च्या उन्हाळ्यात काविळीची मोठी साथ आली. अशा साथी मैलापाण्यातील विषाणूंमुळे पसरतात; रंगामुळे नव्हे. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, तोही या सर्व कारणांचा मिळून. तथापि या सर्व दोषांत रंग हा एकच दोष असा आहे की, तो साध्या डोळ्यांना दिसतो आणि नेहमीच्या सांडपाणी शुद्धीकरणाला सहसा दाद देत नाही. म्हणून त्याचा वेगळा विचार करणे भाग आहे.

रंग उरतो कसा?

कृत्रिम रंगांचा इतिहास १८५६ पासून सुरू होतो. त्या वर्षी विल्यम हेन्री पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याला कोयनेल तयार करण्याच्या खटपटीत जांभळा रंग हाती लागला. पुढच्या शंभर वर्षांत हजारो रंग तयार झाले. रसायनशास्त्रज्ञ त्यांना रंजके म्हणतात. सुती कापडाच्या दृष्टीने सर्वांत मोठी क्रांती १९५० नंतरच्या दशकात झाली. इंग्लंडमधील आय.सी.आय. या कंपनीच्या रॅटी आणि स्टीफन या संशोधकांनी कापसाच्या धाग्याशी थेट रासायनिक बंधाने जोडली जाणारी रंजके शोधून काढली. १९५६ साली ती बाजारात आली. त्यांना विक्रियाशील रंजके असे नाव आहे. त्यांचे रंग उठावदार असतात, ते धुण्याने जात नाहीत आणि साध्या तापमानालाही बसू शकतात. आज सुती कापड रंगविण्यात त्यांचाच वरचष्मा आहे.

परंतु या गुणातच एक दोष दडलेला आहे. विक्रियाशील रंजकाचा रेणू कापसाच्या ज्या हायड्रॉक्सिल गटाशी संयोग पावतो, तसाच गट पाण्याच्या रेणूतही असतो. कुंडीत कापड थोडे आणि पाणी पुष्कळ! तेव्हा रंजकाचे काही रेणू कापसाऐवजी पाण्याशीच संयोग पावतात. अशा रेणूचा रंग पूर्वीसारखाच राहतो. मात्र कापसाशी जुळण्याची त्याची शक्ती कायमची नष्ट होते. रंगाची छटा, यंत्राचा प्रकार आणि कामगाराचे कौशल्य यांनुसार शंभर भागांतील सुमारे दहा ते चाळीस भाग रंजक अशा रीतीने वाया जाते. कापडावर नुसते चिकटून राहिलेले असे रेणू धुऊन काढल्याखेरीज कापडाचा रंग पक्का होत नाही. म्हणून रंगविल्यानंतर कापड अनेक पाण्यांतून काढावे लागते व साबणाच्या उकळत्या पाण्यात धुवावे लागते. ही सगळी पाणी रंगीत असतात.

या पाण्यात रंगाबरोबर मीठही असते. रंजकाचे रेणू आणि कापूस दोन्ही पाण्यात ऋणभारित असल्यामुळे एकमेकांना दूर लोटतात. ते दूर लोटणे थोपविण्यासाठी कुंडीत लिटरमागे तीस ते ऐंशी ग्रॅम साधे किंवा ग्लॉबरचे मीठ घालावे लागते. पुढे धुण्याचा सोडा घालून पाणी अल्कधर्मी करावे लागते. रंग, मीठ आणि सोडा हे त्रिकूट ध्यानात ठेवावयास हवे. पुढील सर्व अडचणींचे मूळ त्यात आहे.

नदीत गेल्यावर रंग काय करतो?

काही रंजके लिटरभर पाण्यात एक मिलिग्रॅमहून कमी असली तरी डोळ्यांना दिसतात. असे रंगीत पाणी सूर्यप्रकाश खोलवर जाऊ देत नाही. त्यामुळे पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींचे अन्न तयार करण्याचे काम मंदावते आणि पाण्यात प्राणवायूची भरही कमी पडते.

दुसरा धोका डोळ्यांना न दिसणारा आहे. वस्त्रोद्योगातील बहुसंख्य रंजके ‘ॲझो’ वर्गातील आहेत. म्हणजे त्यांच्या रेणूत दोन नायट्रोजन अणूंचा दुहेरी बंध असतो. प्राणवायू नसलेल्या गाळात जीवाणू हा बंध तोडतात. रंग नाहीसा होतो. परंतु रेणूचे तुकडे ॲरोमॅटिक अमाइनांच्या रूपाने मागे राहतात, आणि त्यांपैकी काही कर्करोगास कारण होऊ शकतात. बेंझिडीन व तत्सम घटकांपासून बनलेल्या शंभराहून अधिक रंजकांवर भारताने १९९० नंतरच्या दशकात बंदी घातली ती याच कारणासाठी. आज वापरात असलेली सर्व रंजके तशी घातक आहेत असे नव्हे. परंतु पाण्याचा रंग गेला म्हणजे पाण्याचा दोष गेला, असे समजणे चुकीचे आहे, एवढा बोध त्यातून घ्यावयाचा.

प्रचलित उपाय

सांडपाण्यात चुना, तुरटी किंवा हिराकस घालून गाळ खाली बसविणे हा सर्वांत जुना उपाय. न विरघळणाऱ्या रंगांना तो चांगला लागू पडतो. पूर्णपणे विरघळणाऱ्या विक्रियाशील रंजकांवर त्याचा प्रभाव कमी पडतो, आणि वर रंगीत गाळाचे ढीग शिल्लक राहतात. जीवाणूंकरवी पाणी शुद्ध करण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ही रंजके बऱ्याच अंशी जशीच्या तशी बाहेर पडतात. कापडावरचा रंग टिकाऊ व्हावा म्हणूनच ती बनविलेली असतात. ओझोन वायूने रंग तोडता येतो, पण त्यास वीज फार लागते. पाणी सूक्ष्म पटलांतून दाबाने गाळले असता रंग व मीठ दोन्ही वेगळे होतात. तमिळनाडूतील तिरुप्पूर येथे नोय्यल नदीची दुर्दशा झाल्यावर मद्रास उच्च न्यायालयाने २०११ साली रंगाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला, आणि त्यानंतर पाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याच्या अटीवर ही पद्धत तेथे रूढ झाली. तिचा खर्च मात्र लहान कारखानदाराच्या आवाक्याबाहेरचा असतो.

उरतो तो कोळशाचा उपाय. कोळशाने द्रावणाचा रंग नाहीसा होतो, हे टोबियास लोविट्झ यांनी सेंट पीटर्सबर्ग येथे १७८५ साली पाहिले होते, आणि पुढच्या शतकात साखर पांढरी करण्यासाठी त्याचा सर्रास उपयोग होऊ लागला. आजच्या सक्रियित कोळशाच्या एका ग्रॅममध्ये पाचशे ते पंधराशे चौरस मीटर इतके पृष्ठफळ सामावलेले असते. पदार्थाचे रेणू दुसऱ्या पदार्थाच्या पृष्ठभागावर येऊन चिकटण्याच्या या क्रियेस अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी पितो ते शोषण. लाकडी पोळपाटावर हळदीचा डाग बसतो ते पुष्कळसे अधिशोषण. कोळसा उत्तम अधिशोषक आहे. पण तो महाग आहे आणि एकदा भरल्यावर पुन्हा ताजा करण्यासाठी त्याला भट्टीत तापवावे लागते. तेव्हा कोळशाचे काम एखादा स्वस्त पदार्थ करील काय, असा शोध सुरू झाला. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात पूट्स, मॅके आणि हीली यांनी १९७६ साली पीट माती व लाकडाचा भुसा यांवर केलेले प्रयोग या मालिकेतील आरंभीचे होत. त्यानंतर जगभर, आणि विशेषतः भारतात, शेतातील जवळजवळ प्रत्येक काडीकचऱ्याची अशी परीक्षा झाली.

धाग्याची घडण

वनस्पतिज तंतू तीन मुख्य घटकांचे बनलेले असतात. सेल्युलोज हा पहिला. ग्लुकोजचे हजारो रेणू एकामागून एक जोडले जाऊन त्याच्या लांबलचक साखळ्या बनतात, आणि या साखळ्यांवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट असतात. दुसरा हेमिसेल्युलोज, त्याच्या साखळ्या आखूड व फाटे फुटलेल्या असतात. तिसरा लिग्निन, तो या सर्वांना सिमेंटाप्रमाणे घट्ट धरून ठेवतो. कापसात नव्वद टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते. उसाच्या चिपाडात ते चाळीस ते पन्नास टक्के असून बाकीचा भाग मुख्यतः हेमिसेल्युलोज व लिग्निन यांचा असतो. काथ्यात लिग्निन चाळीस टक्क्यांहूनही अधिक भरते. काथ्याचा दोर वर्षानुवर्षे पाण्यात राहूनही कुजत नाही, याचे कारण हेच.

म्हणजे ज्या कापसाने रंग नाकारला तो कापूस आणि ज्या चिपाडाने तो स्वीकारावा अशी आपली इच्छा आहे ते चिपाड, ही रसायनदृष्ट्या एकाच कुळातील होत. मग कापसाला जे जमले नाही ते चिपाडाला कसे जमावे?

साध्या चिपाडाला ते खरोखरच फारसे जमत नाही. त्याचे कारण विद्युत्‌भारात आहे. वनस्पतिज तंतूचा पृष्ठभाग पाण्यात ऋणभारित होतो. त्यामुळे धनभारित रंजके त्याच्याकडे ओढली जातात आणि ऋणभारित रंजके दूर राहतात. प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरले जाणारे रंजक म्हणजे मिथिलीन ब्ल्यू. ते धनभारित आहे. म्हणून भुसा, साली, टरफले यांपैकी काहीही निळ्या द्रावणात टाकून हलविले की द्रावण फिके होते आणि प्रयोग यशस्वी ठरतो. परंतु सुती कापडाच्या प्रोसेसमधून बाहेर पडणारी विक्रियाशील रंजके सल्फोनेट गटांमुळे ऋणभारित असतात. तेथे तोच भुसा जवळजवळ निष्प्रभ ठरतो. स्वस्त अधिशोषकांविषयी एवढे लेखन होऊनही नाल्यातील पाणी रंगीतच राहिले, त्याच्या कारणांत या विसंगतीचा वाटा मोठा आहे.

धाग्यावरील संस्कार

यास्तव तंतूचा स्वभाव बदलणे आवश्यक होते. हा बदल पायरीपायरीने केला जातो.

पहिली पायरी धुण्याची. चिपाडे वा सोपट पाण्याने धुऊन त्यातील साखर, चीक व माती काढून टाकली नाही, तर हे पदार्थ पाण्यात उतरून प्रदूषण उलट वाढवितात. दुसरी पायरी कॉस्टिक सोड्याची. सोड्याच्या द्रावणात हेमिसेल्युलोजचा व लिग्निनचा काही भाग विरघळतो, तंतू फुगतो आणि आतापर्यंत झाकलेले हायड्रॉक्सिल गट मोकळे होतात. इंग्लंडमधील जॉन मर्सर यांनी सुती कापडासाठी शोधलेली आणि १८५० साली पेटंट घेतलेली क्रिया याच जातीची. ‘मर्सराइज्ड’ कापड हा शब्द त्यांच्याच नावावरून आला.

तिसरी पायरी खरी महत्त्वाची. तेथे दोन वाटा फुटतात. रंजक धनभारित असेल, तर तंतूवर आणखी ऋणभार बसवावयाचा. यासाठी लिंबात असणारे सायट्रिक आम्लही पुरते. त्याच्या द्रावणात भिजविलेला तंतू वाळवून तापविला की आम्लाचे रेणू सेल्युलोजला जोडले जातात आणि त्यांचे मोकळे कार्बॉक्सिल गट पृष्ठभागावर उभे राहतात. रंजक ऋणभारित असेल, तर तंतूवर धनभार बसवावा लागतो. चतुर्थक अमोनियम गट असलेले एक संयुग सोड्याच्या सान्निध्यात सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटांना ईथर बंधाने जोडतात. हा बंध पक्का असतो, आणि पाणी आम्ल असो वा अल्क, या गटाचा धनभार कायम राहतो. विक्रियाशील रंजकाचे रेणू आता अशा तंतूकडे ओढले जातात आणि क्लोराइड आयनांना बाजूस सारून त्यांची जागा घेतात. ही क्रिया आयन विनिमयाची होय. पाणी मृदू करण्याच्या यंत्रातील रेझीन याच तत्त्वावर काम करते.

अशा तंतूवर रंग धरणाऱ्या जागा मोजक्या असतात. नाट्यगृहातील आसने भरली की पुढच्या प्रेक्षकाला परतावे लागते, तसेच येथेही घडते. आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१८ साली मांडलेले अधिशोषणाचे समीकरण हेच गणित सांगते, आणि तंतूची क्षमता ठरविण्यासाठी आजही त्याचाच आधार घेतला जातो.

ही क्षमता व्यवहारात काय सांगते, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, एका ग्रॅम तंतूची क्षमता शंभर मिलिग्रॅम आहे. कारखान्याच्या एक लाख लिटर पाण्यात लिटरमागे शंभर मिलिग्रॅम रंजक असेल, तर एकूण रंजक दहा किलोग्रॅम होते आणि ते पकडण्यास शंभर किलोग्रॅम तंतू लागेल. प्रत्यक्षात सर्व जागा कधीच भरत नाहीत. म्हणून दोन-तीनशे किलोग्रॅमची तरतूद करावी लागेल. हा आकडा अशक्य नाही. परंतु तंतू एकदाच वापरून फेकावयाचा असेल, तर रोज तेवढा नवा तंतू तयार करणे आणि तेवढाच रंगीत कचरा रोज कोठे तरी नेऊन टाकणे भाग पडेल.

काचपात्रातून नाल्याकडे

प्रयोगशाळेतील द्रावणात शुद्ध पाणी आणि एकच रंजक असते. प्रोसेसच्या पाण्यात दहा रंजके, मीठ, सोडा, साबण आणि खळ एकत्र असतात. धनभारित तंतूवरील जागांसाठी रंजकाबरोबर मिठातील क्लोराइड व सल्फेट आयनही स्पर्धा करतात, आणि ते संख्येने कितीतरी पटींनी अधिक असतात. रंजकाचा रेणू मोठा असून त्यावर अनेक ऋणभार असल्यामुळे त्याची पकड अधिक बळकट असते हे खरे. तरीही अतिखारट पाण्यात तंतूची क्षमता घटल्यावाचून राहत नाही.

यावर उपाय पाणी वेगळे ठेवण्याचा. रंगाच्या कुंडीतील पहिले पाणी सर्वांत खारट व सर्वांत गडद असते. त्यामागून येणाऱ्या धुण्याच्या पाण्यांत मीठ कमी होत जाते. रंग मात्र पुष्कळ राहतो. तंतूचे खरे काम या मागच्या पाण्यांवर. सगळी पाणी एकाच गटारात मिसळली की ही संधी हातची जाते. म्हणून सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र असले, तरी तंतूचा वापर त्या केंद्रात करण्यापेक्षा कारखान्याच्या आवारातच करणे अधिक श्रेयस्कर होय.

तंतूच्या आकाराचाही येथे विचार करावयास हवा. बारीक भुकटी रंग लवकर पकडते. पण ती पाण्यातून पुन्हा वेगळी करणे कठीण असते. लांब तंतू उभ्या टाकीत भरला, तर त्यातून पाणी सहज वाहते, टाकी तुंबत नाही आणि भरलेला तंतू हातांनी उपसता येतो. आरंभी टाकीखालून स्वच्छ पाणी येते. वरचे थर भरत जातात तसतसा रंगाचा पट्टा खाली सरकतो, आणि एका क्षणी खालच्या पाण्यात रंग दिसू लागतो. त्याच्या आधी टाकी बदलणे, यातच ती चालविणाऱ्याचे कसब आहे. दोन टाक्या पाठोपाठ जोडल्या, तर पहिलीतून निसटलेला रंग दुसरी पकडते.

पकडलेल्या रंगाचे काय?

अधिशोषणाने रंग नष्ट होत नाही. तो केवळ पाण्यातून धाग्यावर जातो. रंगाने भरलेला तंतू उघड्यावर टाकला, तर पहिल्या पावसात नदीला तिचा रंग परत मिळेल. म्हणून या उपायाची खरी कसोटी रंग पकडण्यात नसून त्यानंतरच्या व्यवस्थेत आहे.

तीव्र मिठाच्या द्रावणाने तंतूवरील रंग बऱ्याच अंशी सोडवून घेता येतो आणि तंतू पुन्हा वापरता येतो. लाखभर लिटर फिके पाणी या रीतीने थोड्याशा गडद द्रावणात परिवर्तित होते. एवढ्या थोड्या द्रावणावर ओझोनसारख्या महाग उपायाचा खर्च करणे परवडू शकते. प्रत्येक फेरीबरोबर तंतूची क्षमता मात्र थोडी थोडी घटते आणि शेवटी तो टाकावाच लागतो. चिपाड उत्तम जळण आहे. म्हणून तो बॉयलरमध्ये जाळावा असे सहज सुचते. परंतु काही रंजकांत धातू असतात. फिरोजी छटेच्या एका प्रसिद्ध वर्गात तांबे असते. अशी राख शेतात टाकता येत नाही. कमी तापमानाला अर्धवट जळालेल्या रंजकांचा धूरही निरुपद्रवी नसतो. सिमेंटच्या भट्टीसारख्या अत्युच्च तापमानाच्या ठिकाणी, नियमांनुसार परवानगी घेऊनच, त्याची विल्हेवाट लावणे इष्ट.

संस्कारासाठी वापरावयाच्या रसायनांचाही हिशेब मांडावयास हवा. धनभार बसविण्याच्या काही कृतींत एपिक्लोरोहायड्रिन वापरतात. ते स्वतःच विषारी असून कर्करोगकारक मानले जाते. एक विष काढण्यासाठी दुसरे पाण्यात सोडावयाचे नसेल, तर तंतू सुसज्ज कारखान्यात तयार करून, नीट धुऊन मगच बाहेर काढला पाहिजे.

कच्चा मालही फुकट नसतो. शंभर किलोग्रॅम ऊस गाळला की सुमारे तीस किलोग्रॅम ओली चिपाडे निघतात, आणि इचलकरंजीच्या आसपास साखर कारखान्यांची वाण नाही. पण चिपाडांवर कारखान्याचे बॉयलर चालतात, वीज तयार होते, कागदही बनतो; त्यांना भाव आहे. त्यामानाने घड कापल्यावर जळगावकडच्या शेतांत पडून राहणारे केळीचे खांब, कोकणातील नारळाची सोडणे किंवा पूर्व विदर्भापासून छत्तीसगडातील दुर्ग-भिलाईकडच्या भातपट्ट्यापर्यंत निघणारा पेंढा यांवर इतर हक्क कमी आहेत. कोणत्या ठिकाणी कोणता तंतू वापरावा, हे त्या त्या गावच्या शेतीने ठरवावयाचे आहे.

धाग्याचे स्थान

वरील विवेचनावरून या उपायाच्या मर्यादा ध्यानात येतील. तंतू मीठ काढू शकत नाही, मैलापाणी शुद्ध करू शकत नाही आणि बिनदेखरेखीने चालतही नाही. पंचगंगेला स्वच्छ करण्याचे सामर्थ्य एकट्या धाग्यात नाही. परंतु लहान प्रोसेसच्या आवारात, वेगळ्या ठेवलेल्या धुण्याच्या पाण्यातून रंग काढून ते पाणी पुन्हा वापरण्याजोगे करणे, एवढे काम तो करू शकतो. असे झाले तर कारखान्याला लागणारे ताजे पाणी कमी होते. उन्हाळ्यात पाण्याच्या टंचाईने ग्रासलेल्या आणि नव्या पाणीयोजनांसाठी शेजारच्या खोऱ्यांतील गावांचा विरोध पत्करावा लागलेल्या इचलकरंजीच्या दृष्टीने ही बाब लहान नाही.

या संशोधनातून निघालेली आणखी एक वाट अधिक दूरवर जाणारी आहे. चिपाडावर धनभार बसविणारे जे संयुग, तेच रंगविण्यापूर्वी कापसावर बसविता येते. अशा कापसाला विक्रियाशील रंजक आपोआप ओढून घेता येते. मीठ जवळजवळ लागत नाही आणि कुंडीत उरणारा रंगही फार थोडा असतो. रंग सर्वत्र सारखा बसविण्यास येथे अधिक काळजी घ्यावी लागते आणि खर्चही वाढतो. म्हणून ही पद्धत अद्याप सार्वत्रिक झालेली नाही. परंतु तिने प्रश्नाची मांडणीच बदलली. नाल्यात गेलेला रंग कसा पकडावा, हा तिच्यापुढचा प्रश्न नाही. रंगाने कापड सोडूच नये, यासाठी ती झटते.

तोपर्यंत इचलकरंजीच्या कुंड्यांतून रंगीत पाणी निघत राहणार, आणि शिरढोण-तेरवाडच्या शेतकऱ्याला नदीचे तेच पाणी उपसावे लागणार. त्या दोहोंच्या मध्ये चिपाडांनी भरलेली एखादी टाकी उभी राहते की नाही, हे आता रसायनशास्त्रापेक्षा कारखान्याच्या हिशेबवहीवर आणि नियम पाळून घेणाऱ्यांच्या दक्षतेवर अधिक अवलंबून आहे.